आधी बाकावर बस

नाशिकहून एका परिचारिकेचं पत्र आलंय. वय २९. तिच्या मंडळीतले अकरा जण ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांसाठी केनियाला चाललेत. मंडळीची ही पहिलीच परदेशी मिशन ट्रिप. मोंबासाच्या उत्तरेला किलिफी आहे. तिथून आत एका खेड्यातल्या अँग्लिकन मंडळीनं त्यांना बोलावलंय. आरोग्य शिबिर घ्यायचं आणि शाळेच्या दोन खोल्या रंगवून द्यायच्या, असं काम. मुक्कामात दोन रविवार येतात. गटाचे प्रमुख मंडळीतले एक वडीलजन आहेत, ही त्यांना लहानपणापासून काका म्हणते. पहिल्या रविवारी गेस्ट हाऊसवर आपली आपण मराठी उपासना करायची आणि मग त्सावोचं अभयारण्य बघायला जायचं, असं काकांनी ठरवलंय. 'तीन तास स्वाहिलीत बसून कुणाला काय कळणार?' असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या रविवारी मात्र तिथल्या चर्चमध्ये यांचा 'कार्यक्रम': चार इंग्रजी गाणी, एक नाटिका, हिची साक्ष आणि काकांचा संदेश. हिला हे बोचतंय. पहिल्या रविवारी काकांना न सांगता, तिथल्या आरोग्यसेविकेबरोबर एकटीनंच चर्चला जावं असं तिच्या मनात आहे. पण शंकाही आहेत. भाषाच कळत नसेल तर ती उपासना कसली? ढोल-नाच चालतो म्हणे, आणि ही वाढली शांत चर्चमध्ये. प्रभुभोजन घ्यावं का? अर्पण किती टाकावं? शेवटी ती लिहिते: 'ती साधी, गरीब माणसं आपल्याकडे आशेनं बघतील. आपण नुसतं बसून राहिलो तर त्यांचा हिरमोड नाही का होणार?'

*

जय ख्रिस्त. तू माझ्या धाकटीच्या वयाची आहेस, तेव्हा अगं-तुगं करते.

काकांचा बेत मला पटलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पण पत्र वाचताना खटकलं ते तुझंच शेवटचं वाक्य. 'ती साधी, गरीब माणसं आशेनं बघतील.' कुणी सांगितलं तुला? तू अजून त्यांना पाहिलेलंही नाहीस. त्या मंडळीत शाळामास्तर असतील, मोटरसायकलवर भाडी मारणारी पोरं असतील, मक्याचं शेत एकटीनं ओढणाऱ्या बायका असतील. एखादी तुझ्यासारखीच नर्स असेल, रात्रपाळी उरकून थेट चर्चला आलेली, डोळ्यांवर झोप असलेली. ही माणसं रविवारी देवाकडे बघायला येतात. तुमचं विमान रद्द झालं तरी येतील.

काका विचारतात, आपल्याला काय कळणार. तू विचारतेस, आपण काय देणार. दोघांच्याही प्रश्नात मधोमध आपणच बसलोय, नाही का?

माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका पाळकाच्या घरी गेलं. वडील पाळक, त्यामुळे बाहेरदेशचे पाहुणे वर्षातून एकदोनदा ठरलेले. कोंबडी कापली जायची, सतरंज्या झटकल्या जायच्या, आणि आम्हा पोरांना स्वागताचं इंग्रजी गाणं घोटून घोटून पाठ करावं लागायचं. पाहुणे छान बोलायचे, फोटो काढायचे, जायचे. त्यातलं आज मला फारसं काही आठवत नाही. आठवते ती एक म्हातारी. पाय सुजलेले, गुडघे वाकत नव्हते, तरी खुर्ची नको म्हणाली आणि बायकांमध्ये सतरंजीवर बसली. दोन तास भजन चाललं होतं. मराठीचं अक्षर तिला येत नव्हतं. टाळ्या वाजवायची, त्याही चुकीच्या ठिकाणी. संदेश सुरू झाला आणि ही भिंतीला टेकून चक्क झोपली. आम्ही पोरं खिदळलो. घरी आल्यावर आजीनं आम्हाला दटावलं, 'झोपली, पण आपल्यात झोपली.' पुढे कित्येक वर्षं आजी तिचं नाव काढायची. तिच्या देशाचं नाव मात्र आजीला कधीच नीट सांगता आलं नाही.

तेव्हा तुला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरात आहे. आपण दीडदोनशे वर्षं यजमान होतो. पाहुण्यांची आपली व्हायची ती कधी आणि पाहुणीच राहायची ती कधी, हे आपल्या लोकांइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार? आता पहिल्यांदा आपली पाळी आलीय, आणि आपण नेमकं तेच करायला निघालो ज्याला आपण मागे बसून जांभया दिल्या.

काका वचनाचे पक्के असणार, म्हणून दोन ठिकाणं सांगते. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल आधी लिहितो की तुम्हाला काही आध्यात्मिक दान द्यावं म्हणून मला यायचंय. आणि लगेच स्वतःलाच सावरून घेतो, म्हणजे तुमच्या विश्वासानं मला आणि माझ्या विश्वासानं तुम्हाला धीर मिळावा म्हणून. पौलासारखा पौल, पण वाक्य अर्ध्यात दुरुस्त करतो. दुसरं प्रेषितांच्या कृत्यांत, सोळाव्या अध्यायात. फिलिप्पैला नव्यानं पोचल्यावर शब्बाथवारी हे लोक बिऱ्हाडावर बसून राहिले नाहीत. वेशीबाहेर नदीकाठी कुठं प्रार्थना चालत असेल ते शोधत गेले, आणि बायका जमल्या होत्या तिथं बसले. बोलणं त्यानंतर.

आता त्या 'पहिली परदेशी मिशन ट्रिप'बद्दल. तुमच्या मंडळीची पहिली असेल. नाशिकची नाही.

शरणपूर रोडवरून तू रोज जात असशील. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५०च्या दशकात तिथं ख्रिस्ती वसाहत वसवली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांच्या आरमारानं पकडली की सोडवलेली आफ्रिकी माणसं मुंबई बंदरात उतरवत, आणि त्यातल्या कितीतरी मुलांना शरणपुरात ठेवत. इथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या पोटातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. त्याची शाळा नाशिकची. पुढे १८७५च्या सुमारास सोडवलेल्या गुलामांसाठी मोंबासाच्या समोर, खाडीपलीकडे, फ्रीअरटाउन नावाची वसाहत झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावावरून ते नाव. ती उभी करायला जे पाद्री प्राइस गेले, ते आधी शरणपूरचेच. तिथं आणि जवळच्या रबाईत शिकवायला, उपासना चालवायला, भांडणं सोडवायला जी माणसं होती त्यांना आजही इतिहासात 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड ही त्यातली मोठी नावं. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टननी डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, आणि ती बातमी घेऊन किनाऱ्याला परतला तो जोन्स.

म्हणजे तुम्ही जिथं 'सुवार्ता घेऊन' चाललात, त्या किनाऱ्यावरच्या मंडळीच्या पायाभरणीत नाशिकला शिकलेल्या माणसांचा घाम आहे. तीही मुळात तिथलीच माणसं, आपल्याकडे नाइलाजानं आलेली. आणि रबाईत क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी मिशनचं ठाणं मांडलं १८४६ साली, तुमचं शरणपूर वसायच्याही आधी. काकांना हे सांग. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

भाषेचं म्हणशील तर, माझ्या यजमानांची नोकरी मोंबासाला होती. तीन वर्षं राहिलो आम्ही. पहिल्या रविवारी मीही तुझ्यासारखीच धास्तावून गेले होते. शेजारच्या बाईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गीतपुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये धरून एकेका शब्दाखाली बोट फिरवायला लागली. तेव्हा कळलं की स्वाहिली रोमन लिपीत असली तरी आपल्या देवनागरीसारखी आहे. लिहिलं तसं वाचायचं, इंग्रजीसारखी लपाछपी नाही. चाल दुसऱ्या कडव्याला येते, आणि तिसऱ्याला तू गात असतेस. अर्थ मागाहून.

अर्थही वाटतो तितका लांब नाही. अरबीतून जे शब्द फारसी-उर्दूमार्गे आपल्याकडे आले, तेच समुद्रावरून त्यांच्याकडे गेले. विश्वास म्हणजे 'इमानी'. दया म्हणजे 'रेहेमा'. जग 'दुनिया', पुस्तक 'किताबू', सैतान 'शेतानी', आत्मा 'रोहो', अर्पण 'सदाका'. पाळकाला म्हणतात 'म्चुंगाजी', शब्दशः गुरं-मेंढरं राखणारा, म्हणजे आपला पाळकच. प्रभूची प्रार्थना सुरू होते 'बाबा येतू' अशी. बाबा आमचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता. कुणी मोठ्यानं 'ब्वाना असिफिवे' म्हटलं, प्रभूची स्तुती असो, की 'आमेन' किंवा 'आमीना' म्हणायचं. एवढ्या शिदोरीवर तीन तास निघतात.

वचनं कुठली आहेत ते उपासनेच्या आधी विचारून घे आणि मराठी शास्त्र छापील ने. फोनमध्ये आहे म्हणशील, पण तिथं फोन काढून बसलीस की बाकीच्यांना वाटतं पाहुणी कंटाळली. संदेश चालू असताना कळलं नाही तर मराठीत तोच अध्याय वाच. दुभाष्या मिळत असेल तर उत्तमच, पण अकरा जणांसाठी कानाशी कुजबुज नको, बाकीच्यांना त्रास होतो. एकानं शेवटी सारांश सांगावा.

संदेश कळला नाही तर उपासना झालीच नाही, हे गृहीत आपल्याकडे फार घट्ट बसलंय. आपण मराठी प्रॉटेस्टंट माणसं संदेशावर जोखतो, 'आज पाळकसाहेबांनी छान सांगितलं' म्हणून. पौलानंही करिंथकरांना बजावलंय की मंडळीत कळेल असं बोला. खरं आहे ते. पण तिथं सगळ्या मंडळीला कळतंय. कळत नाही ते तुला. एक रविवार आपल्यावाचून काही अडत नाही, हे अनुभवणं वाईट नाही. आपल्या मंडळीत तू बहुधा गायनमंडळात, नाहीतर रविवारच्या शाळेत कामात असतेस. इथं तुला काहीच काम नाही. बस.

तिथल्या केनियन अँग्लिकन प्रार्थनाविधीत एक गोष्ट आहे, १९८९ च्या त्यांच्या प्रभुभोजनाच्या विधीपासूनची. शेवटी आशीर्वादाच्या वेळी सगळी मंडळी आपल्या अडचणी, आपली संकटं असं म्हणत हात झाडावा तसा वधस्तंभाच्या दिशेनं फेकते. सगळं तिकडे. लहान पोरंसुद्धा जोरात हात फेकतात. हे बघायला भाषा लागत नाही. तुझ्या मुक्कामात तोच विधी असेल असं नाही, पण असला तर मागे राहू नकोस.

ढोल-नाचाचं म्हणशील तर, नाचायची सक्ती कुणी करत नाही. उभी राहा, टाळ्या वाजव, मनापासून वाटलं तर पाय हलव. ओढूनताणून नाचणारा पाहुणा बघवत नाही, आणि हाताची घडी घालून उभा असलेलाही बघवत नाही. चर्चमध्ये टाळ-मृदंग नको म्हणणारे आपल्याकडेही होते. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओव्या आपल्या तोंडी बसवल्या नसत्या, तर आपण आजही पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द ओढत बसलो असतो. जे आपल्यासाठी टिळकांनी केलं ते त्यांच्यासाठी त्यांच्या माणसांनी केलंय. आणि सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागले तर बिचकू नकोस, तू आपली मराठीत पुटपुट. एखादी गोष्ट खरोखरच मनाला पटली नाही तर गप्प बस आणि नंतर म्चुंगाजींना विचार. दोन रविवारांत कुणाची उपासना सुधारायला तू गेलेली नाहीस.

आता मुख्य अडचण: काका.

एकटीनं गुपचूप जायचा बेत सोडून दे. तू ज्या आरोग्यसेविकेबरोबर जाणार, तिच्यावर तुझी जबाबदारी येते, आणि सोमवारी तिला म्चुंगाजी विचारणार की बाकीचे दहा का आले नाहीत? ती बिचारी काय सांगेल, सिंह बघायला गेले? खेड्यात कुठलीच गोष्ट गुपचूप राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय, रागावू नकोस, पण 'हे सगळे अभयारण्यात आणि मी मात्र देवाच्या दारी' यातही एक गोड अभिमान असतो. मला ठाऊक आहे, कारण मी तो भोगलाय.

काकांशी तत्त्वाचा वाद घालू नकोस. वयानं मोठ्या माणसाला अकरा जणांदेखत चूक कबूल करायला लावलीस तर तो तुझं ऐकेल आणि दोन आठवडे तोंड फुगवून बसेल. त्यांना एकटं गाठ, शक्यतो काकूंच्या हातचा चहा घेताना, आणि एवढंच म्हण: 'काका, रविवारचं आपण ठरवण्याआधी तिथल्या पाळकांना एकदा विचारायचं का?' नाही म्हणायला जागाच नाही.

विचारायचं कसं, त्याला मात्र महत्त्व आहे. 'आम्ही कार्यक्रम केला तर चालेल का?' असं विचारलंत तर उत्तर 'करिबू सना' असंच येणार, या, या, जरूर या. यजमान कधी नाही म्हणतो का? माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एका पाहुण्याला नाही म्हटलं नाही, आणि दर वेळी पाहुणे गेल्यावर आईजवळ कुरकुरले. म्हणून असं लिहा: आम्ही आलो नसतो तर त्या दोन रविवारी तुमच्याकडे काय असतं? त्यात आम्ही कुठं बसावं असं तुम्हाला वाटतं? कुणी काही बोलायचं असेल तर किती मिनिटं, आणि उलथा, म्हणजे भाषांतर, कोण करील? बाप्तिस्मा किंवा दृढीकरण त्या दिवशी ठरलेलं असेल, आणि तुमच्या नाटिकेसाठी ते पुढे ढकललं जाईल. उगाच नाही सांगत. आमच्याकडे असं झालंय.

तुम्हा अकरा जणांची मराठी प्रार्थना हवीच. दिवसभर रुग्ण बघून आल्यावर आपल्या भाषेत रडायला-बोलायला जागा लागते. ती रोज रात्री करा, रविवारी संध्याकाळी करा. फक्त मंडळी जमते त्या वेळेला नको. आणि त्सावो शनिवारी जाऊन या, माझी काही हरकत नाही. मी स्वतः दोनदा गेलेय.

दुसऱ्या रविवारी त्यांनी आग्रहानं बोलावलं तर 'आम्ही नुसते बसणार' म्हणून हटून बसू नका. तोही अहंकारच, उलट्या बाजूचा. काकांना संदेश द्यायला सांगितला तर द्यावा. पण दुभाष्यामार्फत पंधरा मिनिटांचं बोलणं अर्धा तास होतं, हे धरून पंधराच मिनिटांचा लिहावा. आपल्याकडचे विनोद आणि यमकं काढून टाकावीत, ती उलथ्यात मरतात. नाटिका संध्याकाळी तिथल्या तरुणांबरोबर करा, त्यांनाही पात्रं द्या. चार इंग्रजी गाण्यांची काय गरज? इंग्रजी गाणी त्यांना तुमच्यापेक्षा चांगली येतात. एकच गा, आणि टिळकांचं गा, टाळ घेऊन. मी मोंबासाला एकदा गायले होते. अर्थ कुणाला कळला नाही आणि तिसऱ्या ओळीला सगळे ठेका धरून होते.

तुझ्या साक्षीत 'देवानं मला आफ्रिकेला पाठवलं' हा भाग असेल तर तो काढ. तुझ्या वॉर्डातलं सांग, घरातलं सांग. तिथल्या बायकांनाही नवरा, सासू आणि दवाखान्याचं बिल आहे.

इथं एक गंभीर गोष्ट. २०२३ साली याच किलिफी परगण्यात शाकाहोलाच्या जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. उपाशी राहिलात तर येशूची भेट होईल अशी शिकवण एका स्वयंघोषित पाद्र्यानं दिली, असा आरोप आहे. मेलेल्यांत लहान मुलंही होती. त्या भागातल्या साध्या, सरळ मंडळ्यांनाही तेव्हापासून लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. त्यामुळे ओळख ना पाळख अशा परदेशी माणसानं चौकात उभं राहून चमत्कारांविषयी, उपास-प्रार्थनेविषयी, बरं होण्याविषयी काहीबाही बोलणं तिथं फार महागात पडू शकतं, आणि किंमत तुम्ही गेल्यावर त्या म्चुंगाजींना मोजावी लागते. तू तर आरोग्य शिबिर घेणार आहेस. प्रार्थनेनं औषध सुटेल असा सूर तुमच्यातल्या कुणाच्याही तोंडून निघणार नाही, हे निघण्याआधीच पक्कं करा. किनाऱ्यावर मुसलमान वस्तीही मोठी आहे आणि शेजारधर्म जुना आहे. मंडळीच्या छपराखाली, तिथल्या पाळकाच्या सांगण्यानं जे होईल तेवढंच.

प्रभुभोजनाचं सोपं आहे. तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असाल (शरणपूरच्या नात्यानं मी तसं धरते), तर तुमची आणि केनियाची अँग्लिकन मंडळी एकाच जागतिक कुटुंबातली, निःशंक घे. गटात कुणी पेंटेकोस्टल किंवा बाप्टिस्ट असेल तर त्यांनी आदल्या दिवशी म्चुंगाजींना विचारावं. वेदीपाशी रांगेत उभं राहून विचारू नये. कॅथलिक मिस्सेला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी: तिथं आपण कॅथलिक नसलो तर बाकावर बसूनच प्रार्थना करायची, त्यात अपमान मानायचा नाही.

अर्पण. लोक रांगेनं, गात पुढे जातात. पैशाऐवजी अंडी, केळी, कोंबडीही येते, आणि उपासनेनंतर अंगणात तिचा लिलाव होतो. हा लिलाव चुकवू नकोस, अर्ध्या मंडळीची ओळख तिथंच होते. एखादा घड घे, पण बोली चढवत नेऊन गावच्या बाईच्या हातून कोंबडी हिसकावू नकोस. पाकिटात तिथली मंडळी टाकते साधारण तेवढंच टाक. सगळ्यांदेखत मोठी नोट फडकवली की पुढच्या रविवारी त्यांच्या दहा शिलिंगांना लाज वाटते. गटाला मोठी रक्कम द्यायची असेल तर ती खजिनदाराकडे, पावती घेऊन, आणि शक्यतो परत आल्यावर. उपासनेनंतर कुणी बाजूला घेऊन मुलाच्या फीचं बोलेल. नाही म्हणणं जड जातं. 'मी म्चुंगाजींना सांगते' म्हण, आणि खरंच सांग. वचन देऊ नकोस. मी दिलं होतं, आणि ते पुरं करता आलं नाही याची टोचणी अजून आहे.

बाकीचं भराभर. साडी चालते, खुलून दिसते, बायका पदराला हात लावून बघतील. तिथल्या बायका लेसो, म्हणजे छापील सुती वस्त्र, गुंडाळतात, कुणी दिला तर तिथंच खांद्यावर टाक. वेळ 'साआ तातू', म्हणजे तिसरा तास, सांगितली तर सकाळचे नऊ समज. तिथं तास सूर्योदयापासून मोजतात, शुभवर्तमानातल्यासारखे. पाहुण्यांना, 'वगेनी'ना, उभं करून नाव विचारतात; दोन वाक्यांत बस. तिथं हिंदी माणूस म्हणजे 'मुहिंदी', आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार, असा साधारण समज. 'मुहिंदी आणि ख्रिस्ती?' असं कुणी विचारलं तर शरणपूरची गोष्ट सांग. लेकरांचे फोटो आईला विचारल्याशिवाय काढू नकोस, उपासनेत तर कुणाचेच नको. जेवायला बोलावतील. जे पुढे ठेवतील ते खावं, लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं सत्तर जणांना हेच सांगितलंय. नारळाच्या रसातले तुरीचे दाणे मिळाले तर नशीबवान आहेस, आणि चहा-चपाती मिळणारच, ती तिथं आपल्याच लोकांनी नेली. पाणी मात्र उकळलेलं विचारून घे. नर्सला मी काय सांगू.

अशीच पत्रं आणखीही येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. नेपाळला जाणाऱ्यांनो, तिथं मंडळ्या शनिवारी जमतात, कारण सुट्टी शनिवारची. रविवारी गेलात तर कुलूप दिसेल. आणि तिथल्या कायद्यानं धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे, तेव्हा उपासनेला जा, पण पत्रकं वाटायचा उद्योग करू नका. तुम्ही विमानात बसाल, पोलीस ठाण्यात स्थानिक भाऊ बसेल. आखातात कित्येक मंडळ्या शुक्रवारी भरतात, आणि जे काही करायचं ते ठरवून दिलेल्या आवारातच. कुठंही गेलात तरी निघण्याआधी त्या मंडळीला स्वतः विचारा, प्रवास ठरवणाऱ्या एजंटाला नको.

आणखी एक कर. तुमच्या मंडळीकडून त्या मंडळीला एक पत्र ने, मराठीत लिहिलेलं, पाळकसाहेबांच्या सहीचं, सोबत उलथा. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न झालं, पाऊस कसा आहे, असलं साधं. पहिल्या रविवारी तेवढंच वाचून दाखवा आणि जागेवर या. त्यांच्याकडून उत्तर मागून घे आणि नाशिकला परतल्यावर रविवारी वाच. फोटोंचा स्लाइड शो त्यानंतर, नाही झाला तरी चालेल.

मोंबासाहून किलिफीला जाताना न्यालीचा पूल ओलांडलात की थोड्याच अंतरावर केंगेलेनी येतं. केंगेले म्हणजे घंटा. गुलामांचे व्यापारी आले तर वस्तीला सावध करायला फ्रीअरटाउनच्या लोकांनी बांधलेली घंटा रस्त्याकडेला अजून आहे, आणि त्यांचं चर्चही जवळच. गाडी दहा मिनिटं थांबवायला काकांनाच सांग. शरणपूरचं ऐकल्यावर तेच आधी उतरतील. आणि टाळ हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाक. विमानतळावर माझी पिशवी उघडायला लावून त्या माणसानं ते वाजवून दाखवायला सांगितले होते.